गळ्यातली साखळी आणि खरकट्याची बादली

पाचोऱ्याकडच्या एका २७ वर्षांच्या भावाने विचारलं आहे. पुण्यात कंपनीत नोकरी, राहायला वाकडला. तिथल्या एका खान्देशी हॉटेलात दर शनिवारी शेवभाजी खायला जातो. मालक रात्री साडेआठला येतो. पांढरे कडक कपडे, गळ्यात बोटाएवढी साखळी, दारात काळी गाडी. प्रत्येक टेबलाशी थांबतो, नावाने हाक मारतो, कुणाच्या पोराला आइस्क्रीम तर कुणाला मिरचीचा ठेचा "माझ्याकडून" पाठवतो. नगरसेवक येऊन त्याला नमस्कार करतात. भाऊ लिहितात: "मला तशी लाइफ पाहिजे. वडील दोन एकर विकायला तयार आहेत, ४० लाख येतील. हॉटेल पुण्यात टाकू की जळगावात? आणि त्यांच्यासारखं व्हायला किती वर्षं लागतात?"

भाऊ, मी मूळ अमळनेरकडचा. १९९६ साली मुंबईत एका हॉटेलात पोऱ्या म्हणून लागलो, मग वेटर, कप्तान, मॅनेजर. २००९ ला पुण्यात स्वतःचं टाकलं, २०१६ ला दुसरं टाकलं, २०१८ ला ते बुडवलं, २०२१ ला सगळं आवरून जळगावला आलो. आज चाळीस खुर्च्यांचं हॉटेल चालवतो आणि हिवाळ्यात भरिताच्या ऑर्डरी करतो. म्हणजे तुम्ही वर्णन केलेला माणूस मी जवळून पाहिला आहे, आणि मधली काही वर्षं मी स्वतः तो माणूस होतो.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न मिसळले आहेत. हॉटेल कुठे टाकावं हा एक, आणि त्या माणसासारखं कसं व्हावं हा दुसरा. खरं सांगायचं तर हॉटेलाबद्दल तुम्ही फारसं विचारलेलंच नाही. मेनू काय, वस्ताद (मुख्य आचारी) कोण, जागा किती, यातलं एक अक्षर नाही. साखळीबद्दल मात्र दोन ओळी आहेत. म्हणून आधी त्या माणसाबद्दलच बोलू.

तुम्ही त्याला रात्री साडेआठ ते अकरा पाहता. उरलेल्या साडेएकवीस तासांत तो काय करतो?

मुंबईत माझे पहिले मालक होते. नाव सांगत नाही, आम्ही शेठ म्हणायचो. पांढरी सफारी, हातात ब्रेसलेट, गळ्यात साखळी आणि अत्तर असं की शेठ दारात आले की आत तंदूरवाल्याला कळायचं. गिऱ्हाइकांना वाटायचं की हा माणूस दुपारी उठत असेल. शेठ पहाटे साडेपाचला दादरच्या भाजी बाजारात असायचे, लुंगी आणि जुना टी-शर्ट घालून. कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन आधी देठ मोडून बघायचे. सात वाजता मटणवाला, आठला दूध, नऊला रात्रीच्या गल्ल्याचा हिशोब. अकरा वाजता घरी जाऊन दोन-तीन तास झोप. चारला परत. आणि मग साडेआठला समोरच्या दारातून अशी एन्ट्री, जणू आत्ताच कुठल्या लग्नातून येत आहेत.

पण मला त्यांचं जे आठवतं ते साडेअकराचं. शेवटची दोन टेबलं उरली की शेठ आत यायचे. ब्रेसलेट काढायचे, गल्ल्याजवळच्या स्टीलच्या डब्यात ठेवायचे, बाह्या वर करायचे आणि मोरीजवळची खरकट्याची बादली पुढे ओढायचे. हातात जुना झारा. झाऱ्याने खरकटं बाजूला करत बघत बसायचे, दोन मिनिटं, कधी पाच मिनिटं. पोऱ्या असताना मला वाटलं होतं की शेठचा चमचा हरवला असेल. एका रात्री त्यांनी मला हाक मारली. "काय दिसतंय?" मी म्हटलं, "उष्टं." ते म्हणाले, "नीट बघ. भात किती आहे?" भात खरंच भरपूर होता. आठ दिवस रोज भात परत येत होता. नवव्या दिवशी शेठने भात वाढायची वाटी बदलली, एक बोटभर लहान. एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केली नाही. महिन्याला तांदळाची दीड गोणी वाचली. दुसऱ्या एका आठवड्यात कांदा परत यायला लागला. शेठने चौकशी केली तर नवा पोरगा दुपारी चारला कांदा चिरून ठेवत होता आणि रात्री नऊपर्यंत त्याला वास मारायचा. मेनू कार्ड गिऱ्हाइकाने वाचायचं, बादली मालकाने, असं ते म्हणत.

आता साखळीचं. दरवर्षी श्रावण लागला की शेठच्या मानेला त्रास सुरू व्हायचा. गिऱ्हाईक विचारायचे, "शेठ, साखळी कुठे?" शेठ मान चोळत सांगायचे, "डॉक्टरने काढायला सांगितली." आमचं हॉटेल मांसाहारी. श्रावणात, मग गणपतीत धंदा निम्म्यावर यायचा, पगार मात्र पूर्ण द्यावे लागायचे. साखळी बँकेत तारण जायची आणि दिवाळीच्या आधी सोडवून आणली जायची. चार वर्षं मी तो मानेचा त्रास खराच समजत होतो. मॅनेजर झालो आणि पावती माझ्या हातात आली तेव्हा कळलं.

म्हणून सांगतो, तुम्ही ज्यांना बघता त्यांची साखळी खोटी आहे असं माझं म्हणणं नाही. ती हॉटेलातून आली आहे की शेतातून, सासऱ्याकडून, प्लॉटच्या व्यवहारातून की कर्जातून, हे टेबलावर बसून कळत नाही.

थोडा हिशोब करू. पुण्यात बऱ्या वस्तीत ६० खुर्च्या धरा. आकडे माझ्या अनुभवावरून मांडलेले आहेत, जागेप्रमाणे बदलतील. सोमवार ते शुक्रवार दुपारी ४५ आणि रात्री ७० माणसं, माणशी २८० रुपये. दिवसाचे ३२,२०० झाले. शनिवार-रविवारी २२० माणसं, माणशी ३००, म्हणजे ६६,०००. महिन्यात २२ साधे दिवस आणि ८ गर्दीचे धरले तर विक्री १२ लाख ३६ हजार. ऐकायला छान वाटतं. बरेच जण इथेच थांबतात आणि बारा लाखांचं स्वप्न घेऊन झोपतात.

कच्चा माल ३४ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. तेलाचा भाव चढला की हाच ३७-३८ वर जातो आणि मेनूचे दर तर तुम्ही रोज बदलू शकत नाही. चौदा माणसांचे पगार, त्यांच्या राहण्याच्या खोलीचं भाडं आणि जेवण धरून २ लाख ९०. जागेचं भाडं १ लाख ९०. त्यावर १८ टक्के जीएसटी, ३४ हजार. हे ३४ हजार नीट समजून घ्या. नोव्हेंबर २०१७ पासून आपल्यासारख्या हॉटेलांना ५ टक्के दर आहे, पण इनपुट क्रेडिट नाही. भाड्यावर, फ्रिजवर, एक्झॉस्टवर भरलेला कर परत मिळत नाही, तो सरळ खर्चात जातो. माझ्याकडे सल्ला विचारायला येणाऱ्या दहातल्या आठ जणांच्या कागदावर हा आकडा नसतो. गॅस आणि लाइट १ लाख ५ हजार. पार्सलचे डबे आणि अॅपवाल्यांचं कमिशन ६० हजार. दुरुस्ती, धुलाई, औषधफवारणी, साफसफाई ४५ हजार. जाहिरात ३० हजार. बेरीज करा, ११ लाख ७४ हजार होतात. हातात ६२ हजार. तुमचे ४० लाख आणि वर २० लाखांचं कर्ज घेतलं असेल, तर पाच वर्षांच्या मुदतीला हप्ता साधारण ४५ हजार. उरले १७ हजार.

आणि हे *चाललेल्या* हॉटेलचं गणित आहे. पहिले आठ-दहा महिने एवढी माणसं येतही नाहीत.

मग गाडी कुठून येते? जे खरोखर कमावतात ते मी पाहिलेत, आणि त्यांच्याकडे यातलं काहीतरी एक असतं. जागा स्वतःची असते, म्हणजे वरचे सव्वादोन लाख घरातच राहतात. किंवा परमिट रूम असते. दारू विकायच्या एफएल-३ परवान्याची वार्षिक फी जबर आहे, पण बाटलीला ना चिरायचं, ना फोडणी द्यायची, ना ती शिळी होते. किंवा हॉल असतो, लग्नाच्या ऑर्डरी असतात, ज्यात किती पानं उठणार ते आधी ठाऊक असतं आणि बयाणाही आधी मिळतो. किंवा तीन-चार शाखांना मिळून एकच मध्यवर्ती किचन असतं. एका भाड्याच्या साठ खुर्च्यांवर काळी गाडी घेतलेला माणूस मी बघितलेला नाही. हप्त्यावर घेतलेले बघितलेत. एक तर आरशात रोज दिसायचा.

ते सांगतो. २०१४ ला पुण्याचं माझं हॉटेल जोरात होतं. मी जळगावच्या सराफ बाजारातून पाच तोळ्यांची साखळी केली. पैसे? निम्मे गल्ल्यातून, निम्मे कर्जातून. घरी आलो तर बायकोने साखळी हातात घेतली, वजन केल्यासारखी तोलली आणि म्हणाली, "हाई सोनं तुमनं शे का बँकनं?" मी हसण्यावारी नेलं. त्या दिवसापासून मी पहाटेच्या बाजाराला जायचं सोडलं. साखळी घालून मार्केट यार्डात भाजी निवडणं बरं दिसत नाही असं मला वाटायला लागलं होतं. खरंच सांगतो, असं वाटायचं. भाजी मॅनेजर आणू लागला. बादली तर मी वर्षभर पाहिलीच नाही.

रोज रात्री मात्र हॉलमध्ये हजर. "दादा, पनीरचं एक स्टार्टर माझ्याकडून." "साहेब, बिल राहू द्या हो." कुणी पोलीस चौकीतला, कुणी वॉर्डातला, कुणी शाळेतला मित्र. त्यांच्या "वा शेठ!" ची मला तलफ लागली होती, चहासारखी. पुढे वर्षाचा हिशोब काढला तेव्हा नुसत्या फुकट गेलेल्या पदार्थांची मेनूतली किंमत ४ लाखांच्या वर निघाली. त्यातल्या अर्ध्याची केओटीच, म्हणजे किचनला जाणारी ऑर्डरची चिठ्ठीच, फाटलेली नव्हती. वेटर लोकही शहाणे असतात. मालक हात मोकळा सोडतो म्हटल्यावर "शेठने सांगितलंय" म्हणून त्यांच्याही ओळखीच्या टेबलांवर प्लेटा जायला लागल्या.

याच गुर्मीत २०१६ च्या उन्हाळ्यात पुणे-नाशिक रस्त्यावर गावाबाहेर दुसरं हॉटेल घेतलं, परमिट रूमसकट. नोव्हेंबरात नोटबंदी झाली, दोन महिने गल्ला कोरडा. त्यातून सावरतो तोच सर्वोच्च न्यायालयाच्या १५ डिसेंबरच्या निकालाप्रमाणे १ एप्रिल २०१७ पासून महामार्गालगतची दारूविक्री बंद झाली. मर्यादा ५०० मीटर, लहान गावांसाठी २२०. माझं दार रस्त्यापासून जेमतेम ४० मीटर. एका रात्रीत दोन तृतीयांश विक्री गेली. आता यात माझी चूक काय, असं मी दोन वर्षं सगळ्यांना विचारत फिरलो. चूक ही की सहा महिने तग धरायला लागणारा पैसा मी सोनं, सोफे आणि दिव्यांत घातला होता. माझ्यासारख्याच रस्त्यावर आणखी एक जण होता, त्याने बार बंद पडल्यावर तिथेच मिसळ आणि थालीपीठ सुरू केलं, कारण त्याच्याकडे खायला सहा महिने होते. मी २०१८ ला किल्ली परत केली. साखळी त्याच सराफाकडे नेली. त्याने एक शब्द विचारला नाही, फक्त काटा पुसला.

एवढं सगळं ऐकून तुम्हाला वाटेल की मी थाटाच्या विरोधात आहे. अजिबात नाही. मालकाने दिसलंच पाहिजे. माणसं नुसती भाजी खायला बाहेर पडत नाहीत, भाजी घरीही होते. आपल्याला कुणीतरी ओळखलं, याचे ते पैसे देतात. फोर्टात बॅलार्ड इस्टेटला ब्रिटानिया म्हणून १९२३ सालचं इराणी हॉटेल आहे. तिथले मालक बोमन कोहिनूर नव्वदी ओलांडल्यावरही टेबलाटेबलाशी जाऊन ऑर्डर विचारायचे आणि इंग्लंडच्या राणीवरचं आपलं प्रेम नव्या माणसालाही ऐकवायचे. २०१६ मध्ये राजपुत्र विल्यम आणि केट मुंबईत आले तेव्हा त्यांची आणि कोहिनूर यांची भेट घडवून आणली गेली, इतकं ते नाव झालं होतं. ९७ व्या वर्षी, सप्टेंबर २०१९ मध्ये ते गेले. मी मुंबईत असताना सुट्टीच्या दिवशी मुद्दाम तिथे जायचो, बेरी पुलाव परवडायचा नाही तरी. हॉटेल फक्त दुपारचं, भिंतींचे पोपडे निघालेले, आणि थाट म्हणजे एक म्हातारा माणूस आणि त्याच्या गोष्टी. त्यात सोन्याचा एक गुंजही खर्च नव्हता. पण तो माणूस रोज तिथे *होता*.

तर थाट हाही मेनूतला एक पदार्थ समजा आणि त्याचं कॉस्टिंग करा. माझ्याकडे आता "खुशी" नावाचं एक खातं आहे. महिन्याला ६ हजार, खर्चाच्या भावाने. फुकट गेलेल्या प्रत्येक वाटीची केओटी फाटते, वर "खुशी" लिहिलेलं असतं आणि कुणी दिलं त्याची सही. सहा हजार संपले की महिनाअखेरपर्यंत मी फक्त हसून बोलतो. गंमत म्हणजे गिऱ्हाइकांना फरक पडला नाही. आणि फुकट देताना महाग वस्तू देऊ नये. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीबरोबर कुटलेल्या हिरव्या मिरचीचा ठेचा आणि वर कच्च्या तेलाची धार, एवढं पुण्याच्या माणसाच्या पुढ्यात ठेवा. पनीरच्या स्टार्टरपेक्षा ते जास्त दिवस लक्षात राहतं आणि पाच-सात रुपयांत होतं.

आपल्या खान्देशाकडे तर दाखवण्यासारखं इतकं आहे की मालकाला नटायची गरजच नाही. हातावर मांडा फिरवून उपड्या खापरावर टाकणारी मावशी काचेमागे उभी करा. माणसं जेवण थांबवून बघतात, मोबाइल काढतात. पुण्यात मी रविवारी दोन तास हे करायचो. त्या दोन तासांचे पैसे मावशीला मी मॅनेजरच्या दिवसापेक्षा जास्त द्यायचो, आणि तिने एकदा दांडी मारली तर आठ टेबलं परत गेली. मालक महिनाभर गायब असता तरी कुणी विचारलं नसतं. तिचं लुगडं, तिच्या हातातली ती पातळ होत जाणारी पुरणपोळी, खापराखालचा जाळ, हा खरा थाट.

तमाशाला एक मर्यादा मात्र पाळा. मुंबईत कमला मिलच्या आवारात २८-२९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री गच्चीवरच्या पबला आग लागली आणि १४ माणसं गेली. तेव्हापासून मी जागा बघायला गेलो की आधी मागचा जिना बघतो, मग पुढची पाटी. भरिताची वांगी आपल्याकडे काट्याकुट्यांवर, तुरीच्या-कपाशीच्या काड्यांवर भाजतात. तो वास गॅसवर येत नाही, हे मान्य. पण सहा मजली इमारतीच्या तळाला तो जाळ करू नका. मी पुण्यात करून पाहिला, वरच्या मजल्यावरच्या आजींनी पोलीस बोलावले आणि त्यांचं बरोबर होतं.

अजून एक गोष्ट, जी पैशाच्या आधी मालकाला खाते. तुम्ही गल्ल्यावर बसलात की तुम्हाला "नाही" म्हणणारं कुणी उरत नाही. पगार तुम्ही देता, बिल तुम्ही माफ करता, हसतात सगळेच. चेन्नईच्या सरवणा भवनच्या पी. राजगोपाल यांचं उदाहरण धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. १९८१ ला सुरुवात, परदेशापर्यंत शाखा, कामगारांच्या घरापासून उपचारांपर्यंत बघणारा मालक म्हणून नाव. आणि त्याच माणसाने ज्योतिषाच्या नादाने एका कर्मचाऱ्याच्या मुलीशी लग्नाचा हट्ट धरला, तिच्या नवऱ्याचा २००१ मध्ये खून झाला, आणि जन्मठेप २०१९ ला सर्वोच्च न्यायालयातही कायम झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये ते वारले. एवढ्या टोकाला कुणी जाणार नाही. पण लहान प्रमाणात हे प्रत्येक मालकाचं होतं. रात्री बारानंतर गिऱ्हाइकाबरोबर बसायची सवय, मग एक पेग, मग रोजचा. कुणी टोकत नाही. माझ्या ओळखीत मधुमेह आणि दारूने गेलेले मालक कर्जाने गेलेल्यांपेक्षा जास्त आहेत. माझ्याकडे आज दोन माणसांना मला नाही म्हणायचा हक्क आहे. एक बायको, कारण चेकवर दुसरी सही तिची लागते. दुसरा वस्ताद. तो मला गिऱ्हाइकांसमोर नाही, पण भट्टीसमोर काहीही बोलू शकतो, आणि बोलतो.

आता पुणे की जळगाव. हे बरंच तुमच्यावर अवलंबून आहे, नेमकं उत्तर कुणी देत असेल तर तो ब्रोकर असेल.

पुण्यात आपली माणसं भरपूर आहेत. शेवभाजी, वरण-बट्टी, पातोड्याचा रस्सा मागणारं गिऱ्हाईक तयार आहे, आणि माणशी खर्चही जास्त करतं. पण मसाला आणि माणूस दोन्ही इथून न्यावं लागतं. भरिताचं हिरवं, बिया कमी असलेलं वांगं, ज्याला २०१६ ला भौगोलिक मानांकन मिळालं, ते पुण्यात ताजं मिळत नाही. मी रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत क्रेट टाकून मागवायचो. सकाळी सहाला गाडी गाठायची, हमालाला पैसे, त्यात दहा किलोला दीड-दोन किलो दबलेलं. कळण्याची भाकरी थापणारी बाई पुण्यात मिळाली तर तिला जपा. दोन मिळाल्या तर दोघींना वेगळ्या खोल्या द्या. हे चेष्टेने लिहीत नाही, माझ्या दोघी एकाच खोलीत भांडून एकाच दिवशी गावी गेल्या होत्या.

जळगावात भाडं निम्म्याहून कमी, भाजी दारात. पण शेवभाजीसाठी जळगावचा माणूस तुमच्याकडे का येईल? त्याच्या घरी तुमच्यापेक्षा बरी होते. इथे तो येतो पंजाबी खायला, चायनीज खायला, आणि हिवाळ्यात किलोवर भरीत न्यायला. मे महिन्यात पारा ४४-४५ वर गेला की दुपारी कुत्रंही बाहेर पडत नाही, दुपारची विक्री शून्य धरा. आणि इथला पैसा हंगामावर चालतो. कापूस विकला गेला, केळीला भाव मिळाला की हॉटेलात गर्दी. केळी पडली की माझ्या गल्ल्यावर आठ दिवसांत कळतं, पेपरात यायच्या आधी.

तुमच्या ४० लाखांबद्दल स्पष्ट बोलतो. पुण्याच्या वरच्या हिशोबात भाडं, त्यावरचा जीएसटी आणि पगार मिळून महिन्याला ५ लाख १४ हजार आहेत. सहा महिने एकही गिऱ्हाईक आलं नाही तरी हे द्यावे लागतात, म्हणजे नुसत्या तग धरण्यालाच ३१ लाख बाजूला हवेत. डिपॉझिट, भट्ट्या, एक्झॉस्ट, फर्निचर त्याच्या वर. दोन एकर त्याला पुरत नाहीत. आणि विकलेली जमीन परत घेता येत नाही. साखळी निदान परत घेता येते, मी बघितलंय. जळगावात किंवा पाचोऱ्यातच पंधरा-वीस खुर्च्यांपासून, जमीन न विकता, होऊ शकतं. तशी सुरुवात करून पुढे पुण्याला गेलेले आहेत.

किती वर्षं लागतात, हे राहिलं. कपडे शिवायला आठ दिवस. टेबलावरच्या माणसाचं नाव लक्षात ठेवायला मला दोन वर्षं लागली, मी वहीत लिहायचो: "चष्मा, मुलगी दहावीला, कोथिंबीर नको." बादली वाचायला पाच. आणि बादली वाचता येत असूनही ती वाचायची लाज वाटू नये, याला माझी वीस गेली.

माझं ऐकाल तर नोकरी आत्ता सोडू नका आणि तलाठ्याकडे चकरा मारू नका. रजा साठवा. डिसेंबरात जळगावला या, तेव्हा भरिताच्या ऑर्डरी असतात, एकेका शेतावर दोनशे-दोनशे माणसं जेवतात आणि माझ्याकडे हात कमी असतात. पंधरा दिवस राहा, जेवण-खोली माझी, पगार हेल्परचा. पहिले पाच दिवस मोरीवर, मग भाजी बाजार, मग शेवटी दोन रात्री गल्ल्यावर बसवतो. पांढरे कपडे आणू नका. रबरी तळाचे बंद बूट आणा, मोरीजवळची फरशी कायम ओली असते.